बारक्यांना आधी मैदान द्या

कोल्हापुरातल्या तालीम मंडळांचे आणि फुटबॉल क्लबांचे पदाधिकारी, प्रशिक्षक आणि टर्फ (कृत्रिम गवताच्या) मैदानांचे मालक-चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. दुसऱ्या तासाला तुमची मुलगी बाकावर झोपली होती, असं बाईंनी सांगितलं. घरी आल्यावर विचारलं, तर पोर म्हणते, "झोपलो नव्हतो आई, डोळे मिटून ऐकत होतो." (कोल्हापूरच्या पोरी 'झोपले' म्हणत नाहीत, 'झोपलो' म्हणतात. बाहेरगावचं कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी.) आधी मला हसू आलं. मग आदल्या रात्रीचा हिशेब आठवला आणि हसू गेलं. पोर पावणेसहा तास झोपली होती.

मुलगी सातवीत आहे, बारा वर्षांची. फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची बचावपटू, म्हणून खेळते. आमच्या मंगळवार पेठेत पोरानं फुटबॉल खेळायला लागावं यासाठी वेगळं काही घडावं लागत नाही. पोरींच्या बाबतीत ते अजून तितकं सोपं नाही, त्यामुळे ती खेळते याचा मला जरा जास्तच अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. हे आधीच सांगते, कारण पत्र अर्धवट वाचून 'अजून एक आई, खेळ बंद करा म्हणणारी' असं कुणी म्हणू नये. तिचा एकही सराव मला कमी करायचा नाही. मला त्या सरावाची वेळ बदलून हवी आहे. आणि तिच्यासारखी अजून पंचवीसएक पोरं त्याच मैदानावर असतात, म्हणून एकट्या प्रशिक्षक सरांना न गाठता हे उघड लिहिते आहे.

तिचा दिवस असा असतो. शाळा सकाळची, ७.२० ची. व्हॅन पावणेसातला कोपऱ्यावर येते, म्हणजे पोर पावणेसहाला उठते. साडेबाराला शाळा सुटते. चार ते सहा क्लास. सराव साडेसातला सुरू. कागदावर तो पावणेनऊला संपतो, पण शेवटी दोन संघ पाडून सामना लावतात आणि 'सर, एक गोल होऊ दे' करत नऊ वाजून जातात. मग पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी हरवलेला शिनगार्ड, सरांचं चार मिनिटांचं बोलणं. घरी पोचायला साडेनऊ. आंघोळ, जेवण, आणि जेवताना आठवतं की उद्याचा नकाशा भरायचा राहिलाय. अंथरुणावर पडायला अकरा होतात. तिथून पुढे झोप येईपर्यंतचा वेळ वेगळाच.

मी पेशानं परिचारिका आहे. चौदा वर्षं झाली. वॉर्डात दर पेशंटचा टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांची नोंद) भरायची सवय, तशीच एक वही घरी केली. तीन आठवडे, बारा सराव. सरावाच्या रात्री तिला झोप लागली ती पावणेबारा ते बाराच्या दरम्यान. सराव नसलेल्या रात्री सव्वादहाला. उठायची वेळ दोन्हीकडे तीच.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १०, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्राविज्ञानाच्या वैद्यकीय अकादमीनं २०१६ साली केली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही साधारण हेच सांगतात. अगदी ९ धरले तरी सरावाच्या रात्री माझ्या मुलीचे तीन तास बुडतात. आठवड्याला चार सराव, म्हणजे बारा तास. एक अख्खी रात्र पोर जागी राहिली म्हणा, वर थोडं व्याज. आता खरं बोलायचं तर त्या तीन तासांतले दीड तास सरावाचे आणि दीड तास आमच्या घरचे. सराव नसतो तेव्हाही ती साडेसातच तास झोपते, ते पाप आमचं. त्याच्याकडे खाली येते.

वही भरताना एक गोष्ट मला खटकत होती. पोर इतकी दमलेली असते, तर पडल्या पडल्या झोप का लागत नाही? मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "अंग दमलंय गं, पण डोकं अजून मैदानावरच हाय."

शरीरशास्त्राच्या पुस्तकात हेच दोन पानं भरून लिहिलेलं असतं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, नाडी संथ व्हावी लागते. दीड तास पळून, शेवटच्या गोलसाठी जिवाच्या आकांतानं झुंजून आलेल्या पोराचं इंजिन तापलेलं असतं. ते थंड व्हायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे उजेड. अंधार पडू लागला की मेंदू मेलाटोनिन सोडायला लागतो, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचा निरोप देतो. नेमक्या त्याच वेळी आपण पोरांना पांढऱ्याफेक एलईडी दिव्यांखाली उभं करतो. निरोप उशिराच पोचतो. त्यात वयात येणाऱ्या मुलांचं हे आतलं घड्याळ मुळातच तास-दोन तास उशिरा सरकतं. तेरा-चौदा वर्षांचं पोर 'मला झोप येत नाही' म्हणतं तेव्हा ते दर वेळी नाटक करत नसतं.

संध्याकाळच्या खेळाला मी नावं ठेवत नाही. खेळ वेळेत संपला तर झोप उलट चांगली लागते. अडतं कुठे, तर जोराची मेहनत आणि पोरानं झोपायला हवं ती वेळ यांच्यात तासाभराचंही अंतर उरत नाही तिथे. अंतर दोन-अडीच तासांचं असेल तर माझी काही तक्रार नाही.

आणि बुडलेली झोप नुसती जांभया देऊन जात नाही. वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सुटतं ते रात्रीच्या पहिल्या टप्प्यातल्या गाढ झोपेत. पहाटेकडे जी स्वप्नांची झोप असते, तिचा आणि तिच्या आधीच्या झोपेचा दिवसभर शिकलेलं पक्कं करण्यात वाटा असतो, आणि त्यात गणितच येतं असं नाही. डाव्या पायानं क्रॉस कसा टाकायचा हेही येतं. सर तासभर घसा कोरडा करून शिकवतात, आणि मी पावणेसहाला पांघरूण ओढून त्यातला काही भाग पुसून टाकते. सरांच्या मेहनतीचं नुकसान आहे हे, म्हणून त्यांनीही ऐकावं.

दुखापतीचंही सांगते, कारण गेल्या हंगामात आमच्या बॅचमधली चार पोरं घोटा मुरगळून बसली होती आणि सगळा दोष बुटांना गेला. लॉस एंजेलिसमधल्या शालेय खेळाडूंचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये दुखापत झालेल्यांचं प्रमाण पुरेशी झोपणाऱ्यांच्या १.७ पट होतं. अभ्यास लहान आहे, ११२ मुलांचा, त्यामुळे त्यावरून छाती ठोकून काही सांगणार नाही. पण झोप कमी झाली की पाय पडायला क्षणभर उशीर होतो, हे मला कुणी सांगायला नको. रात्रपाळीच्या पहाटे चार वाजता मी स्वतः इंजेक्शनची कुपी दोनदा वाचून खात्री करते. मोठ्या माणसाचं हे होतं, तर बारा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

उलट बाजूही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात काढायला सांगितलं, तर त्यांचं पळणं वेगवान झालं आणि बास्केटमध्ये जाणारे चेंडू नऊ टक्क्यांनी वाढले. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. मोठी, कसलेली मुलं होती ती. कुठलंही नवीन तंत्र शिकवलं नव्हतं, नुसतं झोपवलं होतं.

हे सगळं मी घरी मोठ्या तोऱ्यात आबांना, म्हणजे सासऱ्यांना सांगितलं. आबा तरुणपणी पैलवान होते, चार वर्षं तालमीत राहून मेहनत केलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्याला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे? झोपल्याबिगर खुराक अंगाला लागत न्हाई, हे आमचा वस्ताद सांगायचा." मग त्यांनी तालमीचा दिवस सांगितला. पहाटे चारला उठायचं. जोर, बैठका, मातीत लढत. सकाळचा खुराक. दुपारी जेवण झालं की सक्तीची झोप, तेव्हा कुणी बोलत बसलेला दिसला तर वस्तादाचा हात पाठीत. संध्याकाळची मेहनत दिवस मावळेपर्यंत. आठच्या आत जेवण, नऊला दिवा बंद. गावात तमाशा आलेला असो नाहीतर जत्रा. एकदा चोरून गेलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी आखाड्यात उतरूच दिलं नाही. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. जागलेलं अंग मातीत घालायचं नाही, एवढंच.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. आपले फुटबॉलचे संघ कुणी बाहेरून आणून बसवलेले नाहीत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, नावातच तालीम आहे. तालमीची ईर्षा आपण घेतली, झेंडा घेतला, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरचा दंगा घेतला. वस्तादाचा नऊचा दिवा तेवढा घेतला नाही.

याला कारण आहे, आणि ते कुणाची वाईट नियत हे नाही. पूर्वी मैदान सूर्यच बंद करायचा. दिवेलागण झाली, चेंडू दिसेना झाला की पोरं आपोआप घराकडे वळायची, उशीर झाला तर आई दारातून हाक मारायची. कोल्हापुरात थंडीत दिवस सहाच्या सुमाराला मावळतो, उन्हाळ्यात सातच्या. त्यापलीकडे खेळ नव्हताच. आता खांबांवर दिवे आले, टर्फ आलं, आणि सूर्याकडची किल्ली आपल्या हातात आली. पण दिवे आले म्हणून पोरांच्या शाळा काही उशिरा भरायला लागल्या नाहीत. राज्य सरकारनं २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनीही पोरं हल्ली उशिरा झोपतात याकडे लक्ष वेधलं होतं. चांगलं झालं. पण पाचवीपासून वरच्या पोरांना त्यात जागा नाही, आणि क्लबात खेळणारी पोरं बहुतेक पाचवीच्या वरचीच. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या खोल्या नाहीत, हेही मला दिसतं. शाळेची घंटा हलणं अवघड आहे. सरावाची शिट्टी त्या मानानं सोपी.

आता मुद्द्यावर येते. आमच्या मैदानावर पाच ते सात मोठा संघ सराव करतो. बारकी पोरं साडेसहापासून येऊन कठड्यावर बसतात. मोठ्यांचं झालं की त्यांची पाळी. हे असं का, तर मोठ्यांना मान. हंगाम तोंडावर आला की मोठा संघ साडेसातच्याही पुढे खेचतो आणि बारक्यांची वेळ अजून पुढे ढकलली जाते. पावसाळ्यात चिखल झाला की टर्फवर जावं लागतं, तिथेही हाच क्रम, कारण आधीच्या वेळा आधीच घेतलेल्या.

मोठ्या संघातली बरीच पोरं कॉलेजची आहेत. कॉलेज साडेदहा-अकराला. त्यांना रात्री नऊला सोडलं तर ती सकाळी आठपर्यंत झोपू शकतात. नोकरीवाल्या पोरांना तर पाचला मैदानावर पोचायला साहेबापुढे हात जोडावे लागतात, त्यांना सातनंतरची वेळ सोयीचीच पडेल. ज्याला सकाळी पावणेसहाला उठायचं आहे त्याला रात्रीची वेळ, आणि ज्याला झोपायला मुभा आहे त्याला उजेडाची. नुसती अदलाबदल करायची आहे. चौदा वर्षांच्या आतल्या सगळ्या बॅच सव्वापाच ते साडेसहा, मोठे त्यानंतर. मैदान तेच, दिव्यांचं बिल तेच, भाड्यात एक रुपयाचा फरक नाही.

मला माहीत आहे यावर काय म्हणाल. काही ठिकाणी सर नोकरी करतात, सातच्या आधी पोचत नाहीत. मग मोठ्या संघातल्या एखाद्या अनुभवी खेळाडूला सव्वापाचला उभा करा. सरांनी आखून द्यावं, त्यानं घ्यावं. त्याचं मानधन आम्ही पालक वर्गणी काढून देऊ. यावर आमच्यातल्या नऊ जणांशी बोलून झालंय, सात तयार आहेत. एप्रिल-मेमध्ये पाचला ऊन असतं, हेही खरं. पण तेव्हा शाळेची घाई नसते. सकाळी साडेसहाला घ्या, आम्ही आणून सोडू.

काही ठिकाणी अदलाबदल जमणारच नाही, तेही समजते. तिथे निदान उशिराच्या दोन रात्री लागून ठेवू नका, मंगळवार झाला तर बुधवार मोकळा सोडा. जोराचं पळणं आणि सामना सरावाच्या पहिल्या निम्म्यात उरका. शेवटची वीस मिनिटं पासिंग, ताण काढणं, जमिनीवर बसून बोलणं, आणि तेव्हा निम्मे दिवे बंद. वीजही वाचेल. रात्री नऊला सोडलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला रंकाळ्याभोवती पळायला बोलवायचं, हा प्रकार मात्र कुणी करत असेल तर कृपा करून आजच थांबवा. दोन्हीकडून मेणबत्ती पेटवल्यासारखं होतं ते. एक रविवारचा सकाळचा सराव धरला तर आठवड्यातली एक रात्र तरी सुटते.

अजून एक बारीक गोष्ट. सरावाचे व्हिडिओ ग्रुपवर रात्री साडेदहाला पडतात. पोरं पांघरुणात मोबाईल घेऊन आपलीच चूक सात वेळा बघतात. सकाळी टाका ना. बघायची हौस तीच राहील.

आता आम्हा पालकांचं. चार ते सहाचा क्लास आम्हीच लावला. सव्वापाचला सराव ठेवला तर पहिली आरडाओरड आमच्यातूनच होणार, हे मला दिसतंय. क्लासवाल्यांशी आम्ही बोलू, दुपारी तीन ते साडेचार करून मागू. एका बाईंनी तर हो म्हटलंय, त्यांनाही सातच्या आत घरी जायचं असतं. सराव सुटल्यावर गाडीवर थांबून पोराला अंडा-पाव खायला घालणारेही आम्हीच, आणि बुधवारी रात्री साडेदहाला तांबडा रस्सा वाढून 'लगेच झोप हं' म्हणणारी तर मीच. झणझणीत रस्सा पोटात घेऊन आडवं झाल्यावर काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते, तरी. सरावाच्या आधी सहाला नीट खाणं आणि नंतर दूध-भाकरी, असं आता सुरू केलंय. मध्यरात्री दीडला युरोपातला सामना बघायला पोराला स्वतःहून उठवणारे एक वडील आमच्या ग्रुपवर आहेत. त्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांना कळेल मी कुणाबद्दल बोलते आहे. त्यांचा मुलगा गोलकीपर आहे, आणि फार चांगला आहे. म्हणून जास्त वाईट वाटतं.

आमच्याकडे एक प्रयोग झाला तो सांगते. गेल्या महिन्यात मोठा संघ बाहेरगावी स्पर्धेला गेला होता. आठ दिवस मैदान मोकळं होतं, म्हणून सरांनी बारक्यांना साडेपाचला बोलावलं. पोर सातला घरी. आंघोळ, अभ्यास, साडेआठला जेवण. वहीत त्या चार रात्री झोप लागल्याच्या वेळांची नोंद आहे. ९.४०, ९.५५, ९.३०, ९.५०. शनिवारी तर सकाळी मी उठवायच्या आधी ती उठून बसली होती आणि माझ्याकडे संशयानं बघत होती, सुट्टी आहे की काय म्हणून. मग मोठा संघ परत आला. पुढच्या मंगळवारची नोंद ११.५५ ची आहे.

ती वही मी दाखवायला तयार आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या बॅचमधल्या पोरांची अशीच नोंद ठेवायला सांगितली तर अजून बरं, माझ्या एकटीच्या वहीवर कशाला जाता? एक रेघ मारायची, झोपायची वेळ आणि उठायची वेळ. हजेरीच्या रजिस्टरमध्येच दोन रकाने वाढवता येतील.

उद्या गुरुवार, सराव साडेसातला आहे. ती येणार आहे, दांडी मारायला ती तयार नाही आणि मीही सांगणार नाही. नऊला मी गेटजवळ गाडीवर असेन. यावर कुणाला बोलायचं असेल तर तिथे या. फक्त उभ्या उभ्या बोलू, मला तिला घेऊन लगेच निघायचं असतं.

आपली,
एका लेफ्ट बॅकची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर